सगळ्यांची ‘आपली’ ग्रेसी

गावातल्या एखाद्या मुलीनं नाव काढलं की ती साऱ्या गावाची लेक होते. तिची कधी साधी विचारपूसही न केलेली माणसं आमच्याच आळीतली हो, असं कौतुकानं सांगत सुटतात. पण तिचं एखादं पाऊल गावाच्या मनाविरुद्ध पडू दे, की तीच माणसं तोंड फिरवायला वेळ लावत नाहीत. हे काही फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, मैत्रिणींनो. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी विलायतेत असंच घडलं. तेही अशा बाईच्या बाबतीत, जिला अख्खा देश ‘अवर ग्रेसी’ म्हणजे ‘आपली ग्रेसी’ म्हणायचा. ही गोष्ट आहे ग्रेसी फिल्ड्सची. गायिका, अभिनेत्री, लोकांना पोट धरून हसवणारी आणि पुढच्याच क्षणी डोळ्यांतून पाणी काढणारी.

इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायर भागात रॉचडेल नावाचं गाव आहे. आपल्याकडच्या सहकार चळवळीतल्या लोकांना हे नाव अनोळखी नाही. १८४४ मध्ये इथल्याच विणकरांनी आणि कामगारांनी थोडे थोडे पैसे साठवून स्वतःचं किराणा दुकान काढलं होतं. जगभरच्या सहकारी संस्था आपलं मूळ त्या दुकानात शोधतात. अशा या कष्टकऱ्यांच्या गावात ९ जानेवारी १८९८ रोजी ग्रेसीचा जन्म झाला. आजीचं तळलेले मासे आणि बटाट्याच्या काचऱ्या विकायचं दुकान होतं. त्या दुकानाच्या माडीवर ही पोर जन्मली. नाव ठेवलं ग्रेस स्टॅन्सफिल्ड.

घरची परिस्थिती बेताची. पण आई जेनी मोठी हौशी बाई. तिला स्वतःला नाटकाचं, गाण्याचं विलक्षण वेड. लग्न, संसार, चार मुलं यात तिची हौस तशीच राहून गेली. मग तिनं ठरवलं, आपल्याला नाही जमलं तर निदान मुलांना तरी रंगमंचावर पाठवायचं. आणि जेनीनं ते करून दाखवलं. ग्रेसी, बेट्टी, एडिथ आणि टॉमी, चौघंही पुढे रंगमंचावर आली. थोरली ग्रेसी तर आईचा हुकमी एक्का! लहानपणीच तिला गाण्याच्या स्पर्धांत आणि मुलांच्या फिरत्या नाटक मंडळीत धाडलं गेलं. चांगल्या घरच्या मुली नाटकात जात नाहीत असं म्हणायचा तो काळ. जेनीनं त्याची पर्वा केली नाही.

तरी गिरणी काही चुकली नाही. त्या काळी लँकेशायरमध्ये बारा वर्षांची मुलं अर्धा दिवस कापसाच्या गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत जायची. त्यांना ‘हाफ टायमर’ म्हणत. ग्रेसीही त्यांतलीच एक. पहाटे उठून गिरणीत उभं राहायचं आणि दुपारी शाळेच्या बाकावर डुलक्या घ्यायच्या, असं त्या मुलांचं आयुष्य. मागांचा खडखडाट एवढा, की शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नसे. म्हणून तिथल्या बायका ओठांच्या हालचालींवरून बोलायला शिकलेल्या. तोंडानं शब्द नुसता मोठ्यानं घडवायचा, चेहऱ्यावर सगळे भाव आणायचे आणि चार माग पलीकडच्या मैत्रिणीला गंमत सांगायची. ग्रेसी गाताना जे तोंड वेडंवाकडं करायची आणि प्रेक्षक हसून लोटपोट व्हायचे, तो चेहरा या बायकांमधूनच आलेला.

१९१० मध्ये रॉचडेलच्याच हिप्पोड्रोम नाट्यगृहात ती पैसे घेऊन गायला उभी राहिली. स्टॅन्सफिल्ड हे आडनाव जाहिरातीच्या फलकावर मावेना. मग त्याचं झालं फिल्ड्स.

पुढची कितीतरी वर्षं फिरस्तीची होती. आज या गावात खेळ, उद्या त्या गावात. भाड्याच्या खोल्या, रविवारचा रेल्वेप्रवास, पुन्हा नवं गाव. याच काळात तिला आर्ची पिट भेटला. विनोदी नट, वयानं तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा, धंद्याची उत्तम जाण असलेला. त्यानं गाणी, नाच आणि विनोदी प्रवेश असलेले कार्यक्रम बसवले. त्यांतला ‘मिस्टर टॉवर ऑफ लंडन’ हा खेळ वर्षानुवर्षं गावोगाव फिरला आणि शेवटी लंडनच्या बड्या नाट्यगृहात पोचला. तिथं मात्र ग्रेसीनं बाजी मारली. गिरणीतली पोर एका रात्रीत लंडनची लाडकी झाली असं वर्तमानपत्रांनी म्हटलं असेल. पण त्या एका रात्रीमागे दहा-बारा वर्षांची पायपीट होती!

१९२३ मध्ये तिनं आर्चीशी लग्न केलं. हे लग्न म्हणजे धंद्यातल्या भागीदारीवर मारलेला शिक्का होता, असंच म्हणावं लागेल. कामाचं ठरवणं, पैशाचा व्यवहार सगळं त्याच्या हाती. लंडनच्या श्रीमंत वस्तीत प्रासादासारखं घर बांधलं गेलं. पण त्या घरात ग्रेसीचा जीव रमला नाही. बाहेर हजारो माणसं टाळ्या वाजवताहेत आणि घरी आल्यावर बोलायला कुणी नाही, अशी तिची अवस्था. काही वर्षांतच दोघं वेगळे राहू लागले. कायद्यानं घटस्फोट व्हायला मात्र बराच काळ गेला.

ग्रेसीचं वेगळेपण काय होतं? ती रूढ अर्थानं देखणी नव्हती. पण आवाज असा, की वरच्या पट्टीत अगदी सहज जाऊन थांबायचा. एखादं भक्तिगीत ती अशा तन्मयतेनं म्हणायची की सभागृह गप्प व्हायचं. लगेच पुढच्या गाण्यात घराच्या खिडकीत ठेवतात त्या कुंडीतल्या झाडाची वाट्टेल तशी वाढलेली गंमत सांगून सगळ्यांना हसवायची. आणि मुख्य म्हणजे बोली. मोठ्या शहरात गेलं की पहिली टाकून द्यायची वस्तू म्हणजे आपली बोली, असं आपल्यातल्या कितीजणींना वाटतं! ग्रेसीनं लँकेशायरची ठसकेबाज बोली राजाराणीपुढेसुद्धा सोडली नाही. म्हणून तर ती ‘आपली’ झाली. पडद्यावरची बाई आपल्यासारखी बोलते, आपल्यासारखी पदर... म्हणजे त्यांच्याकडचा ॲप्रन खोचून कामाला लागते, हे बघून गिरणीतल्या बायकांना काय वाटलं असेल याची कल्पना करा.

१९३१ मध्ये तिचा पहिला बोलपट आला, ‘सॅली इन अवर ॲली’. त्यातलं ‘सॅली’ हे गाणं जन्मभर तिच्या मागे राहिलं. कुठंही गेली तरी ते म्हटल्याशिवाय लोक सोडायचे नाहीत. गंमत म्हणजे ते गाणं पुरुषानं बाईला उद्देशून म्हणायचं होतं. पण ते ओळखलं जातं ग्रेसीच्या नावानं.

ही वर्षं लँकेशायरसाठी फार वाईट होती. जागतिक मंदी, जपानी कापडाची स्पर्धा, आणि इकडे भारतात परदेशी कापडावर बहिष्कार. गिरण्या धडाधड बंद पडत होत्या. त्याच १९३१ च्या सप्टेंबरमध्ये महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी विलायतेत गेले, तेव्हा मुद्दाम लँकेशायरला जाऊन बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटले. आपल्यामुळे ज्यांची चूल थंडावली त्यांच्या दारात जाऊन त्यांनी आपली बाजू सांगितली. आणि त्या कामगारांनी, विशेषतः बायकांनी, त्यांचं प्रेमानं स्वागत केलं. आपल्या आज्या सूत कातत होत्या तेव्हा तिकडच्या बायका बंद गिरणीच्या फाटकापाशी उभ्या होत्या, हे वाचताना आजही मनात कालवाकालव होते.

ग्रेसीचा १९३४ चा ‘सिंग ॲज वी गो’ हा चित्रपट याच बायकांचा होता. कथा लिहिली जे. बी. प्रिस्टली या नामवंत लेखकानं. गिरणी बंद पडते, नायिका बेकार होते, सायकल काढते आणि ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी मिळेल ते काम करत राहते. शेवटी गिरणी पुन्हा सुरू होते आणि सगळ्या कामगारांच्या पुढे गात गात ती फाटकातून आत शिरते. चित्रपटातली गिरणी सुरू झाली म्हणून खरी थोडीच होणार होती? पण दोन घटका तरी लोकांना धीर आला.

पैसा आता धो धो येत होता. १९३३ पर्यंत तिच्या ४० लाख रेकॉर्ड निघाल्या होत्या. पुढे हॉलिवूडच्या एका मोठ्या कंपनीनं चार चित्रपटांसाठी तिच्याशी दोन लाख पौंडांचा करार केला. त्या काळी ही रक्कम ऐकूनच लोकांचे डोळे पांढरे झाले. पण माडीवरच्या खोलीतली पोर पैसा डोक्यात जाऊ देणारी नव्हती. पीसहेवन या गावातलं आपलं घर तिनं अनाथाश्रमासाठी दिलं. नाटकात काम करणाऱ्या ज्या आईवडिलांना मुलं सांभाळता येत नव्हती त्यांच्या मुलांसाठी. फिरस्तीचे हाल तिनं स्वतः भोगले होते ना! हा आश्रम १९६७ पर्यंत चालला. ग्रेसीला स्वतःचं मूल झालं नाही. १९३८ मध्ये राजाकडून तिला ‘सीबीई’ हा किताबही मिळाला.

आणि १९३९ च्या उन्हाळ्यात तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला. हा आजार आजही आपल्याकडे बायका अंगावर काढतात, दबक्या आवाजात बोलतात. तेव्हा तर उपचारही मोजकेच. मोठी शस्त्रक्रिया झाली. देशभर चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाल्या. अडीच लाखांहून जास्त पत्रं आणि शुभेच्छा आल्या. एवढ्या पत्रांना उत्तर कसं देणार? मग तिनं एक खास रेकॉर्ड काढली आणि तिच्यातून सगळ्यांचे आभार मानले.

ती वाचली. इटलीजवळच्या काप्री बेटावर तिचं एक घर होतं, तिथं विश्रांतीला गेली. टाके अजून पुरते भरले नव्हते तोच सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झालं. डॉक्टर नको म्हणत असतानाही ती फ्रान्समध्ये गेली. तिथल्या सैनिकांसमोर गायली, कधी नाट्यगृहात तर कधी उघड्या ट्रकवर उभी राहून. इथवर ती साऱ्यांची ‘आपली’च होती.

मार्च १९४० मध्ये तिनं दुसरं लग्न केलं. यावेळी मनापासून. नवरा मॉन्टी बँक्स, मूकपटांत विनोदी कामं केलेला नट आणि तिच्या काही चित्रपटांचा दिग्दर्शक. हसरा, दिलदार माणूस. पण त्याचं खरं नाव मारिओ बियांची. जन्म इटलीतला, आणि नागरिकत्वही इटलीचं.

मे महिन्याच्या अखेरीस डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांना आणायला इंग्लंडनं मिळेल ती बोट पाठवली. त्यांत एक प्रवासी आगबोट होती. तिचं नाव ‘ग्रेसी फिल्ड्स’! चार वर्षांपूर्वी ग्रेसीच्या नावानं ती बांधली गेली होती. सैनिकांना घेऊन येताना तिच्यावर बॉम्ब पडले आणि ती बुडाली. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नाहीत, तोच १० जून १९४० रोजी इटली शत्रूच्या बाजूनं युद्धात उतरली. इंग्लंडमधल्या हजारो इटालियन पुरुषांची धरपकड सुरू झाली. मॉन्टी इंग्लंडमध्ये सापडला असता तर तोही तुरुंगछावणीत गेला असता.

काय करायचं बाईनं? एका बाजूला देश, म्हणजे तिचं माहेरच. दुसऱ्या बाजूला तीन महिन्यांपूर्वी लग्न केलेला नवरा. ग्रेसी नवऱ्याबरोबर समुद्रापलीकडे गेली, आधी कॅनडाला, मग अमेरिकेला. पंतप्रधान चर्चिल यांनीही तिला तिकडे जाऊन देशासाठी डॉलर मिळवायला सुचवलं होतं, असं सांगतात.

झालं! जी वर्तमानपत्रं कालपर्यंत तिच्या तब्येतीची बातमी पहिल्या पानावर छापत होती, तीच आता तिला पळपुटी म्हणू लागली. दागिने नेले, पैसा नेला असे आरोप झाले. तिनं देशाबाहेर किती पैसे नेले हा प्रश्न थेट संसदेत विचारला गेला. गिरणीतल्या बायकांची मुलं लढाईवर आहेत, डोक्यावर बॉम्ब पडताहेत, आणि ‘आपली’ ग्रेसी मात्र अमेरिकेत, हे लोकांच्या मनाला लागलं. त्यांचंही अगदीच चूक होतं असं नाही म्हणता येत. जिच्यावर जास्त जीव, तिच्याकडून अपेक्षाही जास्त. पण ज्या बाईनं वर्षभरापूर्वी मरण पाहिलं होतं आणि आजारातून उठून सैनिकांसमोर गायलं होतं, तिचा एक निर्णय पाहून बाकी सगळं विसरायचं?

ग्रेसी भांडत बसली नाही. ती कामाला लागली. कॅनडाभर फिरून तिनं कार्यक्रम केले आणि मिळालेला पैसा युद्धनिधीला दिला. १९४१ मध्ये ती इंग्लंडला परत आली. शत्रूच्या पाणबुड्या समुद्रात फिरत असताना हा प्रवास म्हणजे जिवाशी खेळ होता. कारखान्यांत, छावण्यांत, जहाजांच्या गोद्यांत ती गायली. पुढे पार न्यू गिनीच्या जंगलातल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांपर्यंत पोचली. तरी सल गेला नाही. सरकारनं जर्मनांना चकवण्यासाठी उभारलेल्या एका प्रचंड रेडिओ केंद्राला तिच्या त्या कुंडीतल्या झाडाच्या गाण्यावरून ‘ॲस्पिडिस्ट्रा’ हे नाव दिलं होतं. म्हणजे देशाला तिचं गाणं हवं होतं. ती मात्र अजून पूर्ण हवीशी झाली नव्हती.

युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, बीबीसी रेडिओवर तिचा नवा कार्यक्रम सुरू झाला. बारा कष्टकरी गावांत जायचं, तिथल्या हौशी कलाकारांना सोबत घ्यायचं आणि तिथूनच कार्यक्रम प्रसारित करायचा. सुरुवात कुठून केली असेल? रॉचडेलमधून! रुसलेल्या माहेरी लेकीनं आपणहून जावं, तशी ती गेली. आणि गावानंही तिला जवळ घेतलं. पुढच्या वर्षी लंडनच्या पॅलॅडियम नाट्यगृहात ती पाय ठेवायलाही धास्तावली होती. लोक काय म्हणतील? सुरुवातीलाच तिनं गाणं निवडलं ते पुन्हा एकदा हृदयात जागा द्या, अशा अर्थाचं. प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं.

पण जिच्यासाठी हे सगळं सोसलं ती सोबत फार काळ टिकली नाही. जानेवारी १९५० मध्ये इटलीतून जाणाऱ्या आगगाडीत मॉन्टीला हृदयविकाराचा झटका आला आणि ग्रेसीच्या कुशीतच त्यानं प्राण सोडला. दहा वर्षांचाही संसार पुरता झाला नव्हता.

त्यानंतर काप्रीतल्या घरात ती एकटी पडली. तिथं रेडिओ दुरुस्त करणारा बोरिस अल्पेरोविची नावाचा एक शांत, हुशार माणूस होता. १९५२ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, तिनं त्याच्याशी लग्न केलं. एवढी मोठी तारका आणि रेडिओ मेकॅनिक! लोकांच्या भुवया उंचावल्याच. पण हे लग्न तिच्या अखेरच्या श्वासापर्यंत टिकलं.

काम तिनं सोडलं नव्हतं. अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांतली मिस मार्पल आपल्यातल्या पुष्कळजणींना ठाऊक असेल. विणकाम करता करता खुनाचा तपास लावणारी ती म्हातारी छोट्या पडद्यावर सगळ्यात पहिल्यांदा साकारली ग्रेसीनं, १९५६ मध्ये अमेरिकन टीव्हीवर. १९७८ मध्ये रॉचडेलमध्ये तिच्या नावाचं नाट्यगृह उभं राहिलं. त्याच्या उद्घाटनाला ऐंशी वर्षांची ग्रेसी स्वतः गेली आणि गायली. १९७९ च्या सुरुवातीला तिला ‘डेम’ हा मोठा किताब मिळाला. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, काप्रीत तिनं डोळे मिटले. तिची कबरही त्याच बेटावर आहे.

रॉचडेलला मात्र तिची आठवण उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवावीशी वाटली. २०१६ मध्ये तिथल्या टाऊन हॉलबाहेर तिचा पुतळा बसवला गेला. शंभरहून जास्त वर्षांत लँकेशायरमध्ये बाईचा पुतळा उभा राहिला नव्हता. तो मान मिळाला गिरणीतल्या हाफ टायमर पोरीला.

मैत्रिणींनो, ग्रेसीची गोष्ट वाचताना मला सारखा तो ‘आपली’ शब्द आठवत राहतो. किती गोड आणि किती अवघड शब्द! तो लोक देतात आणि तेच काढूनही घेतात. ग्रेसीनं तो परत मिळवला, पण त्यासाठी तिला कितीतरी वर्षं गावोगाव गात हिंडावं लागलं. आपल्या आळीतली, आपल्या नात्यातली एखादी लेक असाच अवघड निर्णय घेऊन दूर गेलेली असेल. कुणी लग्नापायी, कुणी नोकरीपायी, कुणी आजारपणापायी. तिच्या दाराशी यायची वाट न बघता आपणच तिला एक फोन केला तर?